वाडा पाडला, आता बिऱ्हाडांचा माग कसा काढायचा?

प्रश्न : पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमच्या आजोबांचं बिऱ्हाड होतं. आता तिथे इमारत आहे. वाडा पानशेतच्या पुरात पडला असं काही नातेवाईक म्हणतात, तर काही म्हणतात नंतर पाडला. वाडा कोणाचा होता आणि तिथे कोणकोण राहत होतं, हे शोधता येईल का? जवळ फक्त 1958 चं एक पोस्टकार्ड आहे, त्यावर घर नंबर आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येईल. पण मालकाचे कागद एकीकडे आणि भाडेकरूंचे दुसरीकडे असतात. बहुतेकांची शोधाशोध मालकाचं नाव मिळालं की थांबते.

आधी पोस्टकार्डावरचा नंबर पारखून घ्या. तो पालिकेचा घर नंबर असू शकतो. सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे नगर भूमापन कार्यालयाने जागेला दिलेला नंबर, वेगळा. दोन्ही एकच धरले तर भलत्याच वाड्याची मिळकत पत्रिका (मालकीची नोंद असलेलं प्रॉपर्टी कार्ड) हाती येते. जवळचं देऊळ किंवा बोळ धरून नगर भूमापन कार्यालयाच्या नकाशात जागा ओळखा आणि मग नंबर घ्या. आजची संगणकीय पत्रिका पुरणार नाही, कारण दोन-तीन वाडे एकत्र करून इमारत झाली असेल तर जुने नंबर बंद झालेले असतात. जुनी हस्तलिखित पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा (भूमापनाच्या वेळी मालकी तपासून केलेल्या नोंदींचा) उतारा, दोन्हींची नक्कल मागा. पत्रिकेवरची तारीख नोंदीची असते. वारसनोंद वर्षानुवर्षं रखडत असे, म्हणून तिला मालकाच्या मृत्यूची तारीख समजू नका.

भाडेकरू या पत्रिकेत सहसा भेटत नाहीत. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी 2000 पासून सक्तीची झाली; त्याआधीचा बहुतेक व्यवहार तोंडी, नाहीतर भाडेपावतीवर. मग जन्मनोंदी बघा. बाळंतपणं घरीच होत, त्यामुळे जन्मस्थळ म्हणून वाड्याचाच पत्ता लिहिलेला असतो. महापालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या वह्यांत भोगवटादारांची, म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यांची नावं मिळू शकतात. पूर आला 12 जुलै 1961 ला. त्यानंतरच्या वर्षांतही तीच बिऱ्हाडं, त्याच खोल्या दिसल्या, तर वाडा पुरात पडला नव्हता हे उघड आहे.

सगळ्यात भरीव कागद म्हणजे नव्या इमारतीच्या बांधकाम परवानगीची फाइल. भाडेकरूंना जागा द्यायची असेल तर त्यांची यादी आणि ताब्यातलं क्षेत्र तिला जोडलेलं असतं. शिवाय जुन्या वाड्याचा नकाशाही मिळू शकतो. ही फाइल माहिती अधिकारात मागा : 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 150 शब्दांच्या आत, विषय एकच. ‘वाड्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज हमखास परत येतो. सिटी सर्व्हे नंबर लिहा आणि फाइलचं अवलोकन, म्हणजे ती प्रत्यक्ष पाहायला मागा.

हे कागद येईपर्यंत घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर कोरा कागद ठेवा. दिंडी दरवाजा, चौक, हौद, जिना काढा आणि प्रत्येक खोलीत कोण राहत होतं ते विचारा. नुसतं ‘शेजारी कोण होतं?’ विचारलं तर दोन नावं सांगतात. ‘जिन्याखालच्या खोलीत कोण?’ विचारलं की आडनाव, गाव, नोकरी, सगळं आठवतं. कर वहीत एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं निघाली, तर हाच कागद ती वेगळी करून देईल.