पुडीपेक्षा भाकरी

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, उंची १३८ सेंमी, वजन ५१ किलो. भाकरीला हात लावत नाही. डब्यात नूडल्स किंवा बिस्किटं. जाऊबाई प्रोबायोटिकच्या (पोटातल्या चांगल्या जिवाणूंच्या) पुड्या द्या म्हणतात, महिन्याला बाराशे रुपये. सासूबाई म्हणतात, वाढतं अंग आहे, आपोआप उतरेल. काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, बाराशे रुपये सध्या राहू द्या. लहान मुलांना पुड्या देऊन पाहिल्यात. कुठे थोडा फरक पडला, कुठे काहीच नाही. वजन उतरवायला म्हणून मी त्या लिहून देत नाही.

जिवाणूंचा आणि चरबीचा संबंध मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ साली जुळ्या बहिणींच्या, एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा, आतड्यांतले जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांवर चरबी चढली. मग दोन्हीकडचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून सडपातळ बहिणीचे जिवाणू इकडे आले आणि चरबी चढायची थांबली. पण खाण्यात चोथा भरपूर अन् चरबी कमी होती, तेव्हाच. तेलकट, बिनचोथ्याच्या खाण्यावर ते रुजलेच नाहीत. रानात ओल नसेल तर शाळू पेरून उगवते का?

म्हणून तुमच्या पत्रात मला वजनापेक्षा ‘भाकरीला हात लावत नाही’ हे जास्त लागलं. शाळूच्या सोलापुरात! लहानपणी मंगळवेढ्याला आजी सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून द्यायची. भाकरी गार झाली की तिच्यातला थोडा स्टार्च पचेनासा होतो आणि थेट मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या तोंडी जातो. कडक भाकरी चुरून तशीच द्या. ताक घरच्या विरजणाचं, बिनसाखरेचं. (कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात.) शेंगाचटणी चमचाभरच, शेंगदाण्यात तेल असतं. डब्यात मटकीची उसळ, मधल्या वेळी पेरू. आणि त्याचं ताट वेगळं नको, घरातल्या सगळ्यांनी हेच खा.

सासूबाईंना सांगा, आपोआप उतरणार नाही. पण उपाशीही ठेवू नका. उंची वाढतेय, तेव्हा वर्षभर वजन आहे तिथंच राहिलं तरी मी खूश होईन.

आज अंघोळीच्या वेळी त्याची मान मागून बघा. घासूनही न जाणारा काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसला, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन साखर तपासून घ्या.