बंगाली फिंच, सिल्व्हरबिल की रानटी मुनिया? ओळखायचं कसं आणि अंड्यांतून पिल्लं का निघत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातल्या दुकानातून ‘बंगाली फिंचची जोडी’ म्हणून दोन पक्षी घेतले. एक चॉकलेटी-पांढऱ्या ठिगळांचा, दुसरा वाळूच्या रंगाचा, काळ्या टोकदार शेपटीचा आणि राखाडी-निळसर चोचीचा. मडक्यात नऊ अंडी झाली, एकही उबलं नाही.

नऊ अंडी हाच इथला मोठा पुरावा आहे. या आकाराच्या फिंचची एक मादी एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालते, क्वचित सात. एकाच मडक्यात आठ-दहा अंडी दिसली आणि सगळी कोरी, म्हणजे जीव न धरलेली निघाली, तर बहुतेक वेळा तिथे दोन माद्या असतात. तुमच्या वर्णनावरून तर त्या एका जातीच्याही नाहीत.

ठिगळांचा पक्षी बंगाली फिंच आहे, त्यात शंका नको. ही पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून माणसाने तयार केलेली पाळीव जात आहे. अठराव्या शतकात चीनमधून जपानमध्ये गेली आणि तिथे पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच वाढली. रानात ती कुठेच नाही, बंगालशीही तिचा संबंध नावापुरताच. वेडीवाकडी, दोन्ही बाजूंना न जुळणारी पांढरी ठिगळं जवळपास नेहमी पाळीव पक्ष्यातच येतात. गडद पक्ष्याची चोच दुरंगी असते, वरचा भाग काळसर आणि खालचा फिकट शिशासारखा.

खरा प्रश्न दुसऱ्या पक्ष्याचा आहे. वाळूचा रंग, पांढुरकं पोट, काळी शेपटी, चांदीसारखी जाड चोच म्हणजे सिल्व्हरबिल. पण सिल्व्हरबिल दोन आहेत, आफ्रिकन आणि भारतीय, आणि समोरून पाहिले तर दोघांत फरक करणं अवघड. बघायची जागा एकच: मिटलेले पंख जिथे शेपटीच्या मुळाशी येतात, तो पाठीचा खालचा भाग. बसलेल्या पक्ष्यात पंख तो झाकतात, म्हणून एका काठीवरून दुसऱ्या काठीवर उडताना मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. तिथे पांढरं दिसलं तर भारतीय, काळं दिसलं तर आफ्रिकन. आफ्रिकन पक्ष्याच्या पंखांवर जवळून पाहिलं तर बारीक आडव्या रेघाही असतात.

पांढरं निघालं, तर गोष्ट पिंजऱ्यापुरती राहत नाही. भारतीय सिल्व्हरबिल ही मुनियाच, आपल्याच माळावरचा पक्षी आहे, सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ रानात आणि बाभळींवर थव्याने दिसतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या सगळ्या मुनिया पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. दुकानदाराने ‘फार्मचा आहे’ म्हटल्याने काही बदलत नाही. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवून पक्षी त्यांच्याकडे द्या. परस्पर सोडून देऊ नका, महिनोन्महिने पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखात ताकद उरलेली नसते.

याच गोंधळात आणखी दोन पक्षी विकले जातात. ठिपकेदार मुनियेची पिल्लं सरसकट साध्या तपकिरी रंगाची असतात, पोटावर खवल्यांची नक्षी नंतर येते, म्हणून ती ‘चॉकलेट बंगाली’ म्हणून खपतात. आणि हिरवे, पिवळे, गुलाबी रंगवलेले पक्षी म्हणजे जवळपास नेहमी रंगात बुडवलेल्या मुनियाच. पायांवर, चोचीच्या कडेला रंग लागलाय का आणि पिसांच्या मुळाशी रंग वेगळा आहे का, ते बघा. रानातून धरलेला पक्षी वागण्यावरूनही कळतो. हात जवळ नेला की तो जाळीवर डोकं आपटतो, कपाळाची पिसं झिजलेली असतात, शेपटीची टोकं तुटलेली असतात. बंगाली फिंच हात पाहून फार तर बाजूला सरकते. माझ्या मते खरेदीच्या वेळी ही खूण रंगापेक्षा जास्त भरवशाची आहे.

दुसरा पक्षी आफ्रिकन निघाला तरी दोघांना एकत्र ठेवू नका. बंगाली फिंच आणि सिल्व्हरबिल यांचा संकर होतो, दोन्ही सिल्व्हरबिलचाही आपसात होतो. मग मधल्याच रूपाची पिल्लं कुणाच्या तरी हातात ‘बंगाली’ म्हणून पडतात आणि हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आता नर-मादी. झेब्रा फिंचमध्ये हे सोपं असतं, नराला नारिंगी गाल आणि छातीवर काळा पट्टा. बंगाली आणि सिल्व्हरबिलमध्ये दोघं सारखेच दिसतात, ओळख फक्त गाण्यावरून. पक्ष्याला दोन दिवस एकटं ठेवा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच जातीचा दुसरा पक्षी शेजारच्या पिंजऱ्यात आणा. नर अंग फुगवतो, मान खाली घालतो, डावी-उजवीकडे झुलत काठीवर उड्या मारतो आणि किरकिरं, पुटपुटल्यासारखं गाणं म्हणतो. मादी गात नाही. गायलेल्या पक्ष्याच्या पायात लगेच रंगीत प्लॅस्टिकची रिंग घाला, नंतर आठवत नाही कोण गायलं होतं. मात्र एक सकाळ गप्प बसला म्हणून मादी ठरवू नका, दोन-तीन सकाळी बघा. दुकानातून एकच जोडी मागण्यापेक्षा चार पक्षी घेऊन त्यांतून जोडी काढणं स्वस्त पडतं.

जोडीसाठी पिंजरा लांबीला किमान दोन फूट, उंची आणि खोली सव्वा फूट. फिंच आडवी उडते, म्हणून उंच घुमटाचे शोभेचे पिंजरे निरुपयोगी. जाळी अर्ध्या इंचाची. काठ्या बोटाएवढ्या जाडीच्या आणि घट्ट बसवलेल्या हव्यात. काठी हलत असेल तर नराचा तोल जातो, मीलन अर्धवट राहतं आणि खरी जोडी असूनही अंडी कोरी निघतात. हे कारण कुणी तपासतच नाही.

मडक्यापेक्षा समोरून अर्धी उघडी, पाच-सहा इंचांची लाकडी पेटी बरी, आत बघता येतं. भरायला सुकं गवत किंवा काथ्या, सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे करून. सोलापुरात चादर-टॉवेलच्या मागांवरचं सूत आणि कातरण फुकट मिळतं, ते मात्र अजिबात नको. धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो, रक्त थांबतं आणि पाय वाळतो. पहिलं अंडं आलं की उरलेलं गवत पिंजऱ्यातून काढून टाका. झेब्रा फिंचच्या बाबतीत तर हे हवंच, ती अंड्यांवरच नवं घरटं रचत बसते.

रोज एक अंडं येतं, खरं उबवणं तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर सुरू होतं. तिथून पंधरा-सोळा दिवस मोजा. सहाव्या-सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चसमोर अंडं धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, पिवळसर आरपार दिसलं तर कोरं. सगळीच कोरी असतील तर बहुधा नर नाही किंवा काठी हलते. जाळं दिसून पुढे पिल्लू कवचातच मेलं, तर बहुधा हवा कोरडी आहे किंवा रात्री मादीला घरट्यातून उठवलं गेलं.

सोलापूरच्या हवेत हा कोरडेपणाच जास्त नडतो. पारा 40च्या वर असताना, त्यातही पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मेमध्ये पेटी लावूच नका. जुलै ते फेब्रुवारी हा चांगला काळ. अंघोळीसाठी उथळ वाटीत रोज ताजं पाणी ठेवा, मादी ओलसर पिसांनी अंड्यांवर बसते तेवढा ओलावा पुरतो. हवा फार कोरडी असेल तर उन्हाच्या बाजूला, पिंजऱ्याला न चिकटवता, ओलं गोणपाट टांगा. दिवाळीच्या आणि सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यातल्या दारूकामाच्या रात्री खोलीत बारीक झिरो बल्ब चालू ठेवा. आवाजाने दचकून उडालेली मादी अंधारात परत घरट्यात जाऊ शकत नाही आणि अंडी थंड पडतात.

खाण्यात निम्मं राळं, उरलेल्यात वरई, बारीक बाजरी आणि कॅनरी सीड. ज्वारी या चोचीला मोठी पडते. एका पक्ष्याला दिवसाला चहाचा एक चमचा दाणे लागतात. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, कारण फिंच दाणा सोलून साल तिथेच टाकते. भरलेली दिसणारी वाटी नुसत्या टरफलांची असू शकते आणि एवढा लहान पक्षी एक दिवसही उपाशी तग धरत नाही. पिल्लं असताना दहा मिनिटं उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून द्या, दोन तासांनी उरलेलं काढा, उकाड्यात ते लगेच नासतं. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम अडकवलेला असू द्या. कॅल्शियम कमी पडलं की मादीचं अंडं अडकतं: ती फुगून तळाशी बसते, शेपटी वर-खाली हलते. अशा मादीला लगेच डब्यात घेऊन 30-32 अंशांच्या उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. तेल लावून बोटाने दाबण्याचा घरगुती उपाय करू नका, अंडं आत फुटलं तर मादी जाते.

पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मुंग्या लागतात.

पिल्लं साधारण साडेतीन आठवड्यांनी घरट्याबाहेर येतात, पण आईबाप आणखी दोन-तीन आठवडे भरवतात, तोवर वेगळी करू नका. वर्षात तीन विणी झाल्या की पेटी काढून घ्या. बंगाली फिंच रात्री घरट्यातच झोपते, त्यामुळे पेटी आत राहिली की अंडी थांबत नाहीत आणि मादी झिजते. पेटी काढल्यावर सगळे एका काठीवर चिकटून झोपतील, त्यात काही बिघडत नाही.