एका दिवसात चार धर्म?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने 'सर्वधर्म दर्शन' सहल ठरवली आहे. एका दिवसात मंदिर, दर्गा, चर्च आणि ठाण्याचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ). सासूबाई म्हणतात, "दुसऱ्यांच्या देवाकडे बस भरून काय बघायला जाता?" तुमचं मत काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: सासूबाईंचं निम्मं मला पटतं. चार ठिकाणी चार सेल्फी आणि मधे घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, एवढ्यात कोणाची ओळख होणार? तीन ठिकाणं गाळा, एकच धरा.

मी चरईत वाढले. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीसाठी रांग लागते, तिथून जवळच १८७९ चं 'शार हाशामाईम' सिनेगॉग. वर्गातल्या पेणकर, रोहेकर या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू मुली शनिवारी वहीला हात लावत नसत. आम्हाला त्यांचा भारी हेवा वाटायचा.

त्यांचं तीर्थ मात्र अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातल्या नव्हे). तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या रथाच्या, अशी बेने इस्रायली मंडळींची श्रद्धा. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली नि कोकणचीच झाली, ही त्यांची मूळकथा. नवगावला स्मारकही आहे. शेवात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमाराला, खंडाळ्याला मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि फळं. प्रार्थना हिब्रूत, आणि "अगं, वेलची घातलीस ना?" हे चोख मराठीत. सहल न्यायची तर या दिवशी न्या.

पण परस्पर बस नेऊन उतरू नका. ओळखीतल्या बेने इस्रायली घरी आधी विचारा, बोलावलं तरच जा. ठाण्याचं सिनेगॉग बघायचं असेल तर विश्वस्तांची परवानगी घ्या. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो. तेव्हा नुसतं बघायला जाऊ नका, फोटोचं तर नावच नको. बरोबर पुरुष असतील तर डोक्याला टोपी किंवा रुमाल हवा. मलिदा पुढे आला आणि खायचा नसेल, तर 'उपास आहे' अशी थाप मारू नका. सरळ नको म्हणा.

सासूबाईंना न्याच. पोह्यांत गूळ का नाही, हे त्याच विचारतील आणि तिथली एखादी आजी त्यांना शेजारी बसवून घेईल. वडखळला कोंडी होते, तेव्हा सकाळी सहाला बस हलवा.