खालचे सूर : कीबोर्डवाल्या दादांचा डावा हात

काका, मी ठाण्यात आयटीत नोकरी करतो, वय एकोणतीस. सोसायटीच्या गणपतीत जमलेल्या मंडळींचा आमचा हौशी बँड आहे : गायिका, गिटार, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि बेस गिटारवर, म्हणजे खालचे सूर धरणाऱ्या चार तारांच्या गिटारवर, मी. कीबोर्डवाले दादा पन्नाशीचे, आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. साउंडही त्यांचाच. ते सतत डाव्या हातानं बेस वाजवतात. माझं वाजवणं कुणाला ऐकू येत नाही आणि शो संपल्यावर लोक म्हणतात, बेस फार घुमत होता. विषय काढला तर म्हणाले, "तू नव्हतास तेव्हाही बँड वाजतच होता." सोडू का बँड?

थांब जरा. दादांचं वाक्य लागट आहे, पण खोटं नाही. तू नव्हतास तेव्हा बँड वाजत होता, कारण तुझं काम त्यांचा डावा हात करत होता. हळदीला, साठीशांतीला, कोजागिरीला दोघा-तिघांचीच सुपारी असते. बेसवाल्याची वेगळी नाईट, म्हणजे त्या कार्यक्रमाचे पैसे, कोण देणार? मग कीबोर्डवाला पट्ट्यांचे दोन भाग पाडतो, डावीकडे बेस आणि उजवीकडे बाकी सगळं. इतकी वर्षं असं वाजवलेला माणूस समोर बेसवाला उभा राहिला म्हणून डावा हात खिशात घालत नाही. तुला कमी लेखायचा हेतू असेलच असं नाही. बोटं आपोआप जातात.

आता घुमण्याचं. तुझी सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं, सगळ्यात बारीक तार ९८. एवढ्याशा पट्ट्यात तुम्ही दोघं आहात. तू षड्ज धरलास आणि दादांनी तिथेच शेजारचा गंधार दाबला, तर वरच्या सप्तकात गोड लागणारी ही जोडी खाली नुसता चिखल करते. दोघांनी एकच स्वर वाजवला तरी सुटका नाही. तुझी ५५ हर्ट्झची तार उतरून ५४ वर आली असेल, तर दर सेकंदाला आवाज एकदा फुगतो आणि एकदा बसतो. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त बेस घुमल्यासारखा वाटतो, आणि हातात बेस तुझ्या दिसतो.

आधी एक गोष्ट तपास. दादांचा कीबोर्ड 'स्टाइल' वाजवणारा आहे का? म्हणजे डाव्या हातानं कॉर्ड धरली की ठेका आणि साथ आपोआप चालू होते, तसा? तसा असेल तर स्टाइलमध्ये बेसचा वेगळा ट्रॅक असतो. मग दादा बेस वाजवतच नसतील, त्यांचा कीबोर्ड वाजवत असेल आणि त्यांना त्याचं भानही नसेल. तो एकटा ट्रॅक बंद करता येतो. सुरुवात इथून कर, कारण यात दादांना स्वतःचं काही सोडावं लागत नाही.

ते खरंच हातानं वाजवत असतील, तर बोलावं लागेल. पण शोच्या दिवशी नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. ग्रुपवर लिहिलंस की बाकीचे तिघं प्रेक्षक होतात, आणि दादांना त्यांच्यासमोर जिंकणं भाग पडतं. प्रॅक्टिसला अर्धा तास आधी जा, चहा घे. "दादा, एक गाणं दोन प्रकारे वाजवून बघू, एकदा नेहमीसारखं आणि एकदा खालचं मी धरतो, तुम्ही डाव्या हातानं वरच्या कॉर्ड भरा," एवढंच म्हण. कीबोर्डच्या मधल्या पांढरी एकपासून (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) एक सप्तक खाली जी पांढरी एक आहे, तिच्या खाली त्यांनी येऊ नये, एवढी हद्द पुरते. दोन्ही वेळा रेकॉर्ड कर आणि हेडफोनवर ऐकव. फोनच्या स्पीकरवर ऐकवलंस तर पंचाईत : त्यातून खालचं काही बाहेरच पडत नाही, आणि दादा म्हणतील, बघ, कुठे घुमतंय?

गाणं विचार करून निवड. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ऑर्केस्ट्रात वाढलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. त्या काळचं बेस ठळक असलेलं एखादं गाणं मूळ रेकॉर्डवरून स्वरास्वरानं बसव आणि वाजवून दाखव. मला तर शंका आहे की दादांनी तुला अजून नीट वाजवताना ऐकलेलंच नाही. कसं ऐकणार, ते स्वतःच तिथे वाजवत होते!

आणि दोन-तीन गाण्यांत खालचं काम त्यांच्याकडेच राहू दे. सिंथ-बेसची गाणी असतात, ती कीबोर्डवरच शोभतात. त्या वेळी तू खंजिरी घे किंवा कोरसला उभा राहा. साउंड त्यांचा आहे, हे विसरू नकोस. तुझी लाइन मिक्सरवर किती उघडायची तेही तेच ठरवतात.

काका, मी कोल्हापूरला कॉलेजात आहे, आमच्या बँडमध्ये बेस वाजवते. आमची गायिका माझी मैत्रीण आहे. प्रॅक्टिस काळी चारमध्ये करते आणि स्टेजवर चढताना म्हणते, "आज काळी पाच घेऊया." मी चुकते आणि बोलणी मला बसतात. शिवाय गिटारवाला म्हणतो, ज्याला गिटार जमत नाही तो बेस घेतो.

काळी चार म्हणजे तुझ्या जाड तारेवरचा चौथा फ्रेट (घर), काळी पाच म्हणजे सहावा. सगळं दोन घरं पुढे सरकव, झालं. तू चुकतेस ती बहुधा मोकळ्या तारांमुळे. मोकळी तार सरकत नाही. म्हणून प्रत्येक गाणं मोकळी तार न छेडता बसव. बेसच्या चारही तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर असतात. षड्ज कुठेही धर, पुढच्या तारेवर त्याच फ्रेटला मध्यम आणि दोन फ्रेट पुढे पंचम. गिटारला ही सोय सगळीकडे नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये हे अंतर मोडतं. मोकळ्या तारांच्या कॉर्ड सरकवायच्या म्हणून तुझा गिटारवाला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून मोकळा होतो. तुला कॅपो लागत नाही. एकच खाच लक्षात ठेव : चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा स्वर पांढरी तीन. मैत्रिणीनं पट्टी उतरवून काळी दोन घेतली, तर खालचा षड्ज तुझ्याकडे नाही. तो सगळ्यात जाड तारेच्या शेजारच्या तारेवर, सहाव्या फ्रेटला घ्यायचा.

मैत्रिणीचंही थोडं ऐक. गळा हे वाद्य रोज वेगळं लागतं, आणि पट्टी बदलायचा हक्क तिला आहे. पण साउंड चेकपर्यंतच. यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहा, साउंड चेकला ती कायम करा आणि कागद सगळ्यांच्या पायाशी चिकटवा. त्यानंतर बदलली तर चूक तुझी नाही, हे तिला प्रॅक्टिसमध्ये सांगून ठेव, स्टेजच्या पायऱ्यांवर नको.

गिटारवाल्याला कॅरोल के हे नाव सांग. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत त्या गिटार वाजवत होत्या, चांगल्या मागणीत होत्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस घेतला, आणि मग शेकडो रेकॉर्डिंगमध्ये बेसच वाजवला. घरचं नाव हवं असेल तर मुंबईची बेसवादक मोहिनी डे आहे. तिचा एखादा व्हिडिओ दाखव आणि म्हण, बसव बघू हे तुझ्या गिटारवर.

आमचा ड्रमर फार चांगला वाजवतो, पण प्रॅक्टिसला पिऊन येतो आणि गायिकेला वाट्टेल ते बोलतो. सामान त्याच्या गाडीतून जातं, त्यामुळे सगळे गप्प बसतात. मी बेसवर, त्याच्याशी जुळवून घेणं माझं कामच आहे. कसं बोलू? (पुणे)

तुझं काम त्याच्या किक ड्रमशी जुळवून घेण्याचं आहे, त्याच्या तोंडाशी नाही. इथे मी कोणतीही युक्ती सांगणार नाही. बँडमधलं आणखी कुणी बरोबर घेऊन दोघांनी मिळून जा, तो शुद्धीवर असताना, आणि सांगा की यापुढे तो नको. टेम्पो भाड्यानं मिळतो. नवा ड्रमर मिळेपर्यंत कहोनवर, म्हणजे वर बसून हातानं वाजवायच्या लाकडी पेटीवर, भागवा. चांगला वाजवतो म्हणून असल्या माणसाला सांभाळणारे बँड मी पाहिलेत. तिथून आधी गायिका जाते, मग तिच्याबरोबर सुपाऱ्या जातात आणि ड्रमर तेवढा उरतो. आणि हे सगळं करण्याआधी गायिकेला विचारा. तिला काय हवंय हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये प्रॅक्टिस असते. गिटारवाला प्रत्येक गाण्याला आवाज वाढवतो, मग मलाही वाढवावा लागतो. खालच्या आजोबांनी सोसायटीत तक्रार केली, आणि तीही माझ्या बेसची! मोबाइलच्या अॅपवर तर आवाज नियमात दिसतो.

आजोबा बरोबर आहेत. बेसच्या सगळ्यात खालच्या स्वराची लाट आठ मीटरहून लांब असते. भिंत, गादी, पडदा तिला अडवत नाहीत. गिटार तुमच्याच खोलीत राहते आणि बेस आजोबांच्या कपाटातल्या कपबशा हलवतो. अॅपचं म्हणाल तर ते बहुधा कानाच्या हिशेबानं मोजतं. त्या मोजणीत ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ३० डेसिबलनं कमी धरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तीही याच मोजणीनं. आकडा नियमात बसला म्हणून आजोबांना झोप लागेल असं नाही.

गिटारवाल्याचा अँप (अँप्लिफायर) कुठे ठेवलाय ते पाहा. जमिनीवर असणार, तोंड त्याच्या पोटऱ्यांकडे. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो, आणि समोर बसलेल्या तुमच्या कानात तो सरळ घुसतो. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका करून तोंड त्याच्या चेहऱ्याकडे वळवा. बऱ्याचदा तो आपणहून आवाज कमी करतो. स्वभावाबद्दल बोलायची वेळ त्यानंतरही आली तर बघू.

तुमचा अँप कोपऱ्यातून बाहेर ओढा, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. खाली जाड फोम टाका. अँपवर खालच्या सुरांचं बटण थोडं उतरवून मधल्या सुरांचं वाढवा. आवाज कमी ठेवूनही तुम्ही स्वतःला जास्त स्पष्ट ऐकाल, कारण बोट तारेवर पडल्याचा नाद मधल्या सुरांत असतो. रात्री दहा ते सकाळी सहा हा नियमानं रात्रीचा काळ आहे, पण तुम्ही साडेनऊलाच वायरी गुंडाळायला घ्या. आणि प्रॅक्टिसचा वार आजोबांना विचारून ठरवा. गुरुवारी ते मठात जात असतील, तर गुरुवारच धरा.