धानाच्या पऱ्ह्यांची कोवळी पाने पांढरी पडत असतील तर नायट्रेट देऊ नका
भाऊ, गादीवाफ्यावरचे धानाचे १९ दिवसांचे पऱ्हे (रोपे), युरिया दोनदा देऊनही कोवळी पाने पांढरट, आता कॅल्शियम नायट्रेट द्यावे का, असे तुम्ही विचारले. वाचताना मला चार वर्षांआधीचे माझेच वाफे दिसले. आमची बांधी (धानाचे शेत) चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडे, जमीन काळी, चुनखडीची. ते पोते आज फोडू नका.

नत्र कमी पडले की खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. लोह कमी पडले की वरचे कोवळे पान शिरांच्या मधून फिके होत पांढरे पडते. तुमचे वर्णन मला लोहाचे वाटते.

मी तेव्हा पऱ्ह्यांची मूठ उपटून एका कार्यालयात गेलो. साहेबांनी मूठ हातातही घेतली नाही. ‘नत्र कमी आहे, लवकर लागू पडणारे नायट्रेट द्या,’ एवढेच बोलले. पान जुने की कोवळे, वाफ्यात पाणी आहे की नाही, काही विचारले नाही. मातीचा नमुना मी पेरणीआधीच दिला होता. त्याचा अहवाल रोवणी आटोपल्यावर मिळाला, सामू (pH, आम्ल-विम्लतेचे माप) ८.२, म्हणजे माती विम्ल. तो कागद वेळेवर हाती असता तर मी नायट्रेटला शिवलो नसतो. नायट्रेट दिले आणि आठवडाभरात अर्धे वाफे कागदासारखे पांढरे झाले. दुसऱ्यांकडून पऱ्हे विकत घ्यावे लागले, रोवणी १२ दिवस लांबली. अजूनही राग येतो.

नायट्रेट आणि अमोनियम ही नत्राचीच दोन रूपे. धानाचे मूळ नायट्रेट घेते तेव्हा मुळाभोवतीचा सामू वाढतो, आणि लोह, जस्त मातीतच अडकून राहते. अमोनियम घेताना उलटे होते, मुळाजवळ आम्लता येते आणि लोह, स्फुरद सुटे होते. युरियाचेही आधी अमोनियमच बनते, पण कोरड्या वाफ्यात जिवाणू त्याचे नायट्रेट करून टाकतात. तुमचा युरिया म्हणूनच कामी आला नसावा. त्यावर पाणी भरले की उरलेले नायट्रेट वायू होऊन उडते किंवा खाली झिरपते.

मी शास्त्रज्ञ नाही, तुमची माती वेगळी असू शकते. पण त्याच्या पुढच्या वर्षी मी वाफ्यात दोन बोटे पाणी धरून ठेवले. पाण्याखाली हवा तुटते, तेव्हा लोह मुळाला घेता येईल अशा रूपात येते. सोबत गुंठ्याला दोन किलो अमोनियम सल्फेट दिले. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचे खत) १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, त्यात दोन लिंबे पिळून संध्याकाळी फवारली, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतरची पाने हिरवी निघाली. फवारणी आधी एका कोपऱ्यात करून पाहा.

अमोनियमही हात राखून द्या. जास्त झाले की पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी उचलले जाते, मुळे आखडतात.

पाणी बोअरचे देता की तलावाचे, तेवढे कळवा. चुनखडीतल्या बोअरच्या जड पाण्याने लोहाची अडचण आणखी वाढते.