२०० येतंय, पण ऑर्डर जाते कुठे?

"पोस्ट मारली की २०० येतं, पण समोरच्या पोर्टलवर ऑर्डरच दिसत नाही." तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं (पोस्ट म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणारी रिक्वेस्ट, २०० म्हणजे 'ठीक आहे' हा सर्व्हरचा उत्तर-कोड). आधी एक करा: तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमचं टोकन (पासवर्डसारखी गुप्त चावी) अख्खं दिसतंय, ते आत्ताच रद्द करून नवीन घ्या.

मेथड, यूआरएल, हेडर, बॉडी हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी आपटलो ते यूआरएलच्या सुरुवातीलाच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. कुरिअरचं बुकिंग आपोआप व्हावं म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली आणि 'एचटीटीपीएस'मधला शेवटचा 'एस' खाल्ला. सर्व्हरने ३०१ ('पत्ता बदललाय' हा कोड) देऊन सुरक्षित पत्त्याकडे वळवलं. वळताना पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने पोस्टचं गेट (नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट) केलं, बॉडी, म्हणजे सोबतची ऑर्डरची माहिती, गाळली. त्या पत्त्यावर गेट म्हणजे जुन्या ऑर्डरींची यादी. यादी आली, २०० आलं, स्क्रिप्टने छापलं, "बुक झालं". ऐन गड्ड्याच्या यात्रेत तीन दिवस गठ्ठे दारात, आणि काका सकाळ-संध्याकाळ, "गाडी कधी येणार रे?"

कुरिअरवाल्यांना पाच फोन केले. दर वेळी नवा माणूस, उत्तर तेच: "सर, इकडे २०० दिसतंय, म्हणजे ओके." अहो, त्यांच्या नोंदीत २०० होतं त्याच ओळीत 'गेट' लिहिलेलं होतं! कुणी एकाने मोठ्यांदा वाचलं असतं तरी पहिल्याच दिवशी सुटलो असतो. जाऊ द्या, आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: पोस्टला रिडायरेक्टच्या (अशा वळवण्याच्या) मागे जाऊच देऊ नका, ते बंद ठेवा. ३०७ आणि ३०८ या वळवण्याच्या कोडमध्ये मेथड तीच राहते (पोस्टचं पोस्टच), पण समोरचा तेच देईल याचा काय भरवसा? आणि नुसत्या २०० वर खूश होऊ नका. नवीन नोंदीला खरं तर २०१ यावं. काही जण तरीही २००च देतात, म्हणून उत्तरात ऑर्डर क्रमांक आलाय का ते बघा.

जाता जाता: गिऱ्हाइकाचा फोन नंबर क्वेरीतून (यूआरएलमधल्या '?' नंतरच्या भागातून) हाताने जोडत असाल, तर '+९१' मधलं अधिकचं चिन्ह बऱ्याचदा समोर रिकामी जागा होऊन पोचतं. लायब्ररीच्या पॅरामीटरमधून पाठवा, ती एन्कोड करते, म्हणजे चिन्ह सुखरूप पोचेल अशा रूपात बदलते.

तुमचं कारण वेगळंही असेल, मी काही सर्व्हरवाला नाही. तीच रिक्वेस्ट कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) व्हर्बोजमध्ये, म्हणजे सगळा तपशील दाखवत, चालवा. सांगितल्याशिवाय कर्ल वळत नाही, त्यामुळे ३०१ असेल तर उघडा पडेल. जे येईल ते इथे टाका, फक्त या वेळी टोकन झाकून.