नॅनोवर बूटलोडर टाकण्याआधी आणि टाकताना

तुमची अडचण अशी: नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेला सीएच३४० चिपवाला (यूएसबी आणि सिरियलमधला दुवा म्हणजे ही चिप) आर्डुइनो नॅनो बोर्ड, संगणकाला पोर्ट दिसतो, पण अपलोड 'नॉट इन सिंक' म्हणत दहा वेळा अडकतं. एवढ्यावरून बूटलोडर (यूएसबीवरून आलेला प्रोग्राम चिपमध्ये चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) उडालाय असं धरू नका. आर्डुइनो आयडीई या सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूत प्रोसेसरच्या यादीतला 'ओल्ड बूटलोडर'वाला पर्याय आधी लावून बघा. जुना बूटलोडर ५७,६०० बॉडवर (बॉड म्हणजे सिरियलचा वेग) बोलतो, नवा १,१५,२०० वर. स्वस्त नॅनोंमध्ये बरेचदा जुनाच असतो.

तरी जमलं नाही तर नॅनोची रीसेट पिन ग्राउंडला जोडा, टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडा आणि सिरियल मॉनिटरवर काही अक्षरं पाठवा. तीच परत आली तर केबल आणि सीएच३४० ठीक आहेत. नाही आली तर दोष तिकडेच आहे, बूटलोडर कितीदाही टाकला तरी फरक पडणार नाही. तपासून झाल्यावर या तारा काढायला विसरू नका.

आता आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डचा प्रोग्रॅमर (चिपमध्ये थेट बूटलोडर लिहिणारं साधन) करायचा. लागतं काय, तर उनो, सहा जंपर आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. एक्झाम्पल्समधला 'आर्डुइनोआयएसपी' स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) उनोवर चढवा. कपॅसिटर त्यानंतरच लावा: अधिक पाय उनोच्या रीसेटला, उणे ग्राउंडला. तो नसेल तर पोर्ट उघडताच उनो स्वतःच रीसेट होतो आणि आदेश नॅनोपर्यंत पोचतच नाही. आधीच लावला तर स्केचच चढत नाही.

जोडणी: उनोची १० नॅनोच्या रीसेटला, ११, १२, १३ त्याच क्रमांकांना, ५ व्होल्ट आणि ग्राउंड समोरासमोर. नॅनोची यूएसबी काढून ठेवा. ११ ते १३ वर एसडी कार्ड किंवा रेडिओ मॉड्यूल असेल तर तेही काढा, त्याच तारांवर ते मध्ये बोलतात.

मग बोर्ड 'नॅनो', प्रोसेसर साधा 'एटीमेगा३२८पी' (आधी 'ओल्ड'वाला लावला असेल तर बदला, नाहीतर जुनाच बूटलोडर पडेल), पोर्ट मात्र उनोचा, प्रोग्रॅमर 'आर्डुइनो ॲज आयएसपी'. यादीत 'आर्डुइनोआयएसपी' नावाचा दुसरा पर्यायही आहे, ते वेगळंच यंत्र. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आता 'बर्न बूटलोडर' दाबा. चिपमधला प्रोग्राम आणि ईईप्रॉम (वीज गेल्यावरही टिकणारी साठवण) दोन्ही पुसले जातात, त्यामुळे साठवलेली कॅलिब्रेशन मूल्यं आधी लिहून घ्या.

एरर आला तर सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) बघा, खरी माहिती तिथेच असते. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपची सिग्नेचर १ई ९५ ०एफ. १ई ९५ १६ दिसली तर चिप ३२८पीबी आहे. 'मिनीकोर' हे बोर्ड पॅकेज टाकून त्यात ती चिप निवडा. सक्तीने पुढे जाण्याचा पर्याय वापरू नका. सगळी शून्यं आली तर रीसेट आणि १२ नंबरची तार तपासा. ब्रेडबोर्डवर न सोल्डर केलेल्या पिना नुसत्या टेकवल्या असतील तर बहुधा दोष त्यांचाच. तारा पक्क्या असूनही शून्यंच आली, तर क्रिस्टलचं (चिपला घड्याळाचे ठोके देणारा भाग) सोल्डर भिंगाखाली बघा: फ्यूज (चिपमधल्या मूळ सेटिंग्ज) बाहेरच्या क्रिस्टलवर असताना क्रिस्टल बंद पडला की चिप उत्तरच देत नाही.

काम झालं की तारा आणि कपॅसिटर काढा. पुढे अपलोड करतानाही प्रोसेसर साधा 'एटीमेगा३२८पी' ठेवायचा, 'ओल्ड'वाला नाही. नवा बूटलोडर टाकून जुनाच पर्याय ठेवला तर तोच एरर पुन्हा येतो. जागा कमी पडत असेल तर बर्न करतानाच बोर्ड 'उनो' निवडा: ३०,७२० ऐवजी ३२,२५६ बाइट मिळतात, फक्त पुढेही तो नॅनो नेहमी 'उनो' म्हणूनच निवडावा लागेल.